तिसऱ्याचं शून्य

काँक्रीटच्या प्रयोगशाळेत काम करते असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी दिवसभर काहीतरी फोडत असते. फोडणारे लोक शेजारच्या खोलीत असतात. यंत्रात ठोकळा ठेवायचा, दाब वाढवायचा, धाडकन आवाज, आकडा लिहायचा आणि चहाला जायचं. आमच्या खोलीत आवाज होत नाही. आम्ही वाट बघतो.

काही खडीत एक खोड असते. सिमेंटमधल्या अल्कलीशी तिची हळूहळू गट्टी जमते, त्यातून एक चिकट पदार्थ तयार होतो, तो पाणी पितो आणि फुगतो. बाहेरून काही कळत नाही. दहा-पंधरा वर्षांनी पुलाच्या खांबावर नकाशासारख्या भेगा उमटतात, तेव्हा हात चोळत बसण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. म्हणून खडीची परीक्षा आधी घ्यायची. तिच्या काँक्रीटचे फूटभर लांबीचे तीन प्रिझम ओतायचे, टोकांना पोलादी बटणं बसवायची आणि तळाला पाणी असलेल्या झाकणाच्या बादलीत, उबेच्या खोलीत, अडतीस अंशांवर दोन वर्षं उभे करून ठेवायचे. दर अठ्ठावीस दिवसांनी बाहेर काढून लांबी मोजायची. दोन वर्षांत शंभर मीटरला चार सेंटिमीटर या प्रमाणापेक्षा जास्त वाढ झाली, की खडी नापास. आमच्या प्रिझमवर ही वाढ एका कागदाच्या जाडीइतकी असते. तेवढ्या जाडीवर माझी नोकरी चालते.

हे सगळं मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. सगळी इमारत त्यांना मामा म्हणायची, साहेबसुद्धा. चौतीस वर्षं त्यांनी ही एकच खोली सांभाळली. प्रिझमना ते 'पोरं' म्हणत. "पोरांना आदल्या दिवशी उबेतून बाहेर काढायचं, बाईसाहेब. झोपेतून उठवून लगेच उंची मोजली तर कोण सरळ उभं राहील?" थंड व्हायला वेळ द्यायचा, एवढंच त्यांना म्हणायचं असायचं. पण त्यांच्या तोंडून ऐकलं की ते डोक्यात पक्कं बसायचं.

मी नवीन असताना ते मला 'बाईसाहेब' म्हणायचे, ते निव्वळ चिडवण्यासाठी. पहिल्या महिन्यात माझी गाडी वाटेत बंद पडली आणि मी चार किलोमीटर चालत, घामाघूम होऊन पोचले. तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "बाईसाहेब, तुम्हालाही जरा थंड होऊ द्या, मग मोजू." वर्षभरात बाईसाहेबचं 'पोरी' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. माझे वडील लहानपणीच गेले. ती जागा भरून निघाली असं मी म्हणणार नाही, पण त्या जागेवर कोणीतरी येऊन बसलं होतं हे खरं. मला मामा फार आवडायचे. हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.

मोजायची पद्धत ठरलेली. एकाने डायल वाचायची, दुसऱ्याने तो आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. प्रिझमवर बाण असतो. बाणाचं टोक नेहमी वर. उलटा ठेवला तर बटणांच्या बारीकशा फरकामुळे आकडा बदलतो, आणि मग आपण काँक्रीट नाही, आपली चूक मोजत बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं शून्य वाचन. साचा उघडल्यावर, पहिल्या दिवशी घेतलेलं. पुढच्या प्रत्येक आकड्यातून ते वजा होतं. शून्य चुकलं तर दोन वर्षं पाण्यात, आणि शून्य परत घेता येत नाही, कारण काँक्रीट एका दिवसाचं एकदाच असतं.

माझं पहिलं शून्य नव्या पुलाच्या खडीचं होतं, नोकरीच्या पहिल्याच दिवशी घेतलेलं. त्या दिवशी साहेबांनी मामांना भांडारात पाठवलं होतं. मी एकटीनेच तिन्ही प्रिझम मोजले आणि मोजून झाल्यावर त्यांच्यावर बाण काढले. बाण आधी काढायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. मामा परत आले, माझ्या थरथरत्या अक्षराकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि 'तपासले' या शब्दाखाली सही ठोकली. "भरवसा आहे, बाईसाहेब," म्हणाले.

त्या तिघांपैकी तिसरा पहिल्याच महिन्यात इतरांच्या कितीतरी पुढे गेला. मामांनी त्याचं नाव 'उतावळा' ठेवलं. दोन वर्षं आम्ही त्याच्या उतावळेपणावर हसलो.

दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा मामांच्या निवृत्तीला सहा दिवस राहिले होते. शेवटचं वाचन झालं. आमच्या बोलण्यात ती चार सेंटिमीटरची हद्द म्हणजे चाळीस. पहिला एकतीस, दुसरा तेहतीस, तिसरा अठ्ठावन्न. सरासरी चाळीसच्या जराशी वर. खडी नापास. मी अहवालासाठी आलेख काढायला घेतला आणि तीन रेषा कागदावर आल्या तेव्हा मी पट्टी लावून त्यांच्यातलं अंतर मोजलं.

पहिल्या दोन रेषा जोडीने चढत होत्या. तिसरी त्यांच्यापासून ठरावीक अंतर राखून, अगदी समांतर. सगळा फरक पहिल्या महिन्यातच पडला होता. पुढे तेवीस महिने तो एका रेषेनेही वाढला नव्हता. उतावळा उतावळा नव्हताच. मी त्याला शून्याच्या वेळी उलटा बसवला होता आणि नंतर बाण चुकीच्या टोकाला काढला होता.

खात्री करायला मी तो प्रिझम उलटा ठेवून वाचला. फरक बरोबर तेवढाच आला.

खरं लिहायचं तर एकच मार्ग होता. शून्य चुकीचं, संच रद्द, नव्याने दोन वर्षं. ते मी लिहिलंही असतं. पण त्या पानावर 'तपासले' खाली मामांची सही होती. चौतीस वर्षांत त्यांच्या एकाही नोंदवहीत खाडाखोड नव्हती. निरोपाच्या दिवशी साहेब त्या वह्या टेबलावर मांडणार होते. त्यांच्या शेवटच्या संचावर लाल शाईने 'रद्द' लिहायचं, आणि तेही माझ्या चुकीमुळे, ही कल्पनाच मला सहन होईना.

मी त्यांना सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले.

मामा रागावले नाहीत. आलेखातल्या तिसऱ्या रेषेवरून बोट फिरवत गेले. मग म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं आपण त्याला उगाच बोल लावला गं."

"मामा, मी साहेबांना सांगते की तुम्ही भांडारात होतात."

"आणि सही कोणी केली? भुताने?" ते उठले. "शून्य परत घेऊ."

"शून्य परत घेता येत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं," ते म्हणाले. "जा, जेवून ये तू."

दुपारचा एक वाजला होता. खिडकीतून ऊन सरळ टेबलावर पडत होतं. मी दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा मामांनी तिसऱ्या प्रिझमला ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि वरून हात फिरवत होते. काहीतरी बोलतही होते. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

पाऊण तासाने परत आले तर खोलीत ताज्या सिमेंटचा वास होता. त्या दिवशी आम्ही काहीच ओतलं नव्हतं.

प्रिझम टेबलावर होता. दोन वर्षांचं काँक्रीट पांढुरकं पडतं, त्यावर पांढरे ओघळ येतात, कडा बोथट होतात. हा गडद, हिरवट राखाडी होता. कडा धारदार. मी बोट लावलं. तो कोमट होता. उन्हाने तापलेली वस्तू वरून गरम लागते. ही ऊब आतून येत होती, पहिल्या दिवशी येते तशी. मी नखाने हलकेच ओरखडा काढून पाहिला. ओरखडा उमटला.

बाण कुठेच नव्हता.

"बाण आधी," मामा म्हणाले. त्यांचा आवाज दमलेला होता. मी बाण काढला. त्यांनी प्रिझम डायलच्या चौकटीत बसवला. "वाच."

मी वाचलं. त्यांनी आकडा मोठ्याने परत म्हटला, पण लिहिला नाही. मी नोंदवहीचं पहिलं पान उघडलं. तिथे, माझ्या दोन वर्षांपूर्वीच्या थरथरत्या अक्षरात, तोच आकडा होता. खाडाखोड नव्हती. शाई जुनी होती.

नव्या शून्याने तिसऱ्याची वाढ बत्तीस भरली. खडी पास झाली. मी पदवीधर बाई आहे. रात्रभर स्वतःला समजावत राहिले, की जुना आकडा मीच चुकीचा वाचला असेन, मामांनी बहुधा दुसराच एखादा ताजा ठोकळा आणला असेल. सकाळपर्यंत जवळजवळ पटलंही होतं.

सकाळी मामा दारात उभे होते. मला पाहून अदबीने बाजूला झाले.

"या मॅडम. नवीन इंजिनिअर येणार म्हणून साहेब म्हणाले होते, त्या तुम्हीच ना? मला इथे सगळे मामा म्हणतात."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसले. तेही हसले, पण अनोळखी माणसाला बरं वाटावं म्हणून हसतो तसं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आजाराला एक लांबलचक नाव दिलं, वयाचा उल्लेख केला. मामांना चौतीस वर्षांतला प्रत्येक संच आठवत होता. लहानपणीच्या शिक्षकांची आडनावं आठवत होती. फक्त शेवटची दोन वर्षं नव्हती. आठवणी कुठल्या तारखेला संपतात, ते मी त्यांना खोदून खोदून विचारलं. मी शून्य घेतलं त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं स्वच्छ होतं. पुढे काहीच नव्हतं.

निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी वह्यांवर हात फिरवला, माझ्याशी फार सौजन्याने बोलले आणि घरी गेले. त्यांचं नाव राहिलं. मी राहिले नाही.

संच संपला की प्रिझम मोडीत जातात. दोघांना जाऊ दिलं. तिसरा मी बादलीसकट ठेवून घेतला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. अठ्ठावीस दिवसांनी सवयीने मोजला. थोडा वाढला होता, पहिल्या महिन्यात वाढायला हवा तेवढा. त्याच संध्याकाळी मामींचा फोन आला.

"अगं, आज सकाळी उठल्या उठल्या विचारतात, त्या बाईसाहेबांची गाडी दुरुस्त झाली का? मी म्हटलं कोण बाईसाहेब? म्हणे, त्या बिचाऱ्या चालत आल्या उन्हातून."

मामी हे सांगून हसत होत्या. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ बादलीसमोर बसून राहिले.

दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या महिन्याचं आठवलं. तिसऱ्यात तिसऱ्याचं. तीन बिंदूंवर मी रेषा काढत नाही, म्हणून चौथ्याची वाट पाहिली. चौथाही त्याच रेषेवर पडला. तो जेवढा वाढे, तेवढे मामा परत येत. आणखी वीस महिने थांबले असते तर सगळे आले असते. वाट पाहणं हाच माझा धंदा, आणि नेमकं तेच मला जमलं नाही.

उष्णता वाढवली की ही वाढ वेगाने होते, हे या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. मी बादली घरी आणली, पाणी तापवायच्या टाकीशेजारी कपाटात ठेवली आणि साठ अंश कायम राहतील अशी सोय केली. नवरा म्हणाला, "लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. आमच्या घरात काँक्रीट पाळलंय." पण बादलीतलं पाणी तोच न चुकता भरायचा.

निरोपापासून दहा महिन्यांत तिसऱ्याने दोन वर्षांची वाढ गाठली. त्या रविवारी मी मामांच्या घरी गेले, तर दार उघडून ते म्हणाले, "ये पोरी." एवढंच. मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकले ती बराच वेळ वर आले नाही.

"त्या दुपारी तुम्ही काय केलंत, मामा?" मी एकदा विचारलं.

"काय करणार? मांडीवर घेतलं," ते म्हणाले. "ऐकलं त्याने."

"आणि त्याची किंमत?"

"पोरी, तू कुठे गेली होतीस का? नाही ना? मग झालं तर."

खरं म्हणजे तेव्हाच बादली उबेतून काढायला हवी होती. पण अजून मधले दहा महिने राहिले होते, ज्यांत मी दर रविवारी त्यांच्यासमोर परकी म्हणून बसले होते. तेही त्यांना मिळावेत असं वाटलं. मग वाटलं, आजच्यापर्यंत येऊ दे. दीड वर्ष झालं तेव्हा ते आजच्यापर्यंत आले. कालचं माझं बोलणंही त्यांना आठवत होतं. घरात हशा असायचा. मामी म्हणायच्या, "तू आलीस की हे तरुण होतात." मी आणखी एक वाचन घ्यायचं ठरवलं. मग आणखी एक.

एका रविवारी मामा म्हणाले, "आज चष्मा नाही लावलास?"

मला चष्मा नव्हता. दहा दिवसांनी डायलवरचे आकडे अंधुक दिसू लागले म्हणून डोळे तपासले, आणि चष्मा लागला.

पुढच्या वेळी त्यांनी आपल्या घराच्या बाहेरच्या दाराला लावलेल्या निळ्या रंगाचं कौतुक केलं. दार तपकिरी होतं. महिनाभराने घरमालकाने सगळी दारं रंगवून घेतली.

मी त्याच दिवशी प्रिझम बादलीतून काढला. पुसला, पंख्याखाली वाळवला, उघड्या फळीवर ठेवला. पाण्यावाचून वाढ थांबते. निदान थांबायला हवी.

अठ्ठावीस दिवसांनी मोजला. डायल पडताळायच्या प्रमाण दांडीवर आकडा दोनदा तपासला. बाण वर होता.

तो वाढला होता. आधीच्या कोणत्याही महिन्यापेक्षा जास्त.

काल मी गेले तेव्हा मामा खिडकीशी बसले होते. मामी आत चहा करत होत्या. त्या कुठलंसं जुनं गाणं गुणगुणत होत्या, कपांचा आवाज येत होता. मामांनी माझा हात हातात घेतला. असं ते कधी करत नाहीत.

"मामी गेल्यापासून तू रोज येतेस," ते हळू आवाजात म्हणाले. "पोटची पोरंसुद्धा एवढं करत नाहीत गं."

मग माझ्या तोंडून जो प्रश्न गेला, त्याची मला अजून लाज वाटते.

"किती दिवस झाले, मामा?"

ते मनाशी मोजू लागले. तेवढ्यात मामी ट्रे घेऊन आल्या आणि आमच्या समोर बसल्या. मामांनी एक कप माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. ट्रेमध्ये राहिलेल्या कपाकडे ते जरा वेळ पाहत राहिले.

"हा कुणाचा?" त्यांनी मला विचारलं.

"अहो, माझा! दुसऱ्या कुणाचा?" मामी हसत म्हणाल्या.

मामा अजून माझ्याकडेच बघत होते, उत्तराची वाट पाहत.